पाणी न टिपणारं फडकं

"हे फडकं पाणी काही टिपत नाही गं," सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. मी डब्यात पोळ्या भरत होते. मान वर करून पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांच्या हातात जांभळ्या रंगाचा एक चौकोनी तुकडा होता. कडांना कात्रीचे दाते, एका कोपऱ्यात हळदीचा डाग आणि मधोमध आयपीएलमधल्या पुण्याच्या संघाचं अर्धवट कापलेलं चिन्ह. त्यात 'पुणे'तलं निम्मं पुणं शिल्लक होतं, निम्मं बहुधा मोरीतल्या दुसऱ्या तुकड्यावर गेलं होतं. मी म्हटलं, "आई, हा माझा टीशर्ट होता." त्या खरोखरच ओशाळल्या. "तुझा? मला वाटलं कुठल्या तरी कंपनीने फुकट वाटलेला. आठ वर्षांत अंगावर कधी दिसला नाही म्हणून घेतला." आणि बाहेरच्या खोलीतून पेपराआडून नवऱ्याचा आवाज आला, "त्या टीमनेही दोनच वर्षं घातला होता!"

नवरा डोंबिवलीचा आहे. म्हणजे मुंबईचा. सासूबाईही डोंबिवलीच्याच, त्यामुळे हा कट आहे असं मला दोन मिनिटं मनापासून वाटलं. पण सासूबाईंना क्रिकेटचं काहीही पडलेलं नाही. त्यांची तक्रार एवढीच होती, की सुती बनियन जसा पाणी टिपतो तसा हा टिपत नाही, नुसतं इकडचं पाणी तिकडे करतो. ते तर खरंच होतं. पॉलिस्टरच तो.

बस निघून गेली, दिवसही गेला, पण ते जांभळं फडकं काही डोक्यातून जाईना. ज्या टीशर्टची मला आठ वर्षांत एकदाही आठवण झाली नव्हती, तो कापला गेल्यावर एवढं वाईट वाटायचं कारण काय?

तो घेतला त्या दिवशी १ मे होता, साल २०१७. महाराष्ट्र दिनाची सुट्टी. ऑफिसमधल्या आम्ही चौघी गहुंज्याच्या मैदानावर सामना बघायला गेलो होतो. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दोरीवर टीशर्ट टांगून पोरं उभी होती, आणि चौघी घेतोय म्हटल्यावर भाव उतरला. रंग धुतल्यावर जाईल की काय अशी शंका होती, पण रंग शेवटपर्यंत टिकला. संघ टिकला नाही. त्या रात्री गुजरातने १६१ केले होते आणि आमचे पहिले तीन गडी १० धावांत परत आले होते. शेजारच्या रांगेतले एक गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला पेन, सामना बघायला नव्हे तर तपासायला आलेले, म्हणाले, "चला, लवकर निघालो तर हायवेला गर्दी लागणार नाही." पण ते उठले मात्र नाहीत. मग लिलावात साडेचौदा कोटींना घेतलेला बेन स्टोक्स खेळत राहिला. पायात गोळे आले, मैदानावरच आडवा झाला, फिजिओने पाय ओढले, उठला आणि परत मारायला लागला. ६३ चेंडूंत नाबाद १०३. एक चेंडू राखून जिंकलो. मी माझ्या आयुष्यात अनोळखी माणसांना एवढ्या टाळ्या दिलेल्या नाहीत. पेनवाले गृहस्थ शेवटी उभे राहिले, आणि आपल्याच चुकीचं समाधान वाटावं तसे म्हणाले, "साडेचौदा कोटी वसूल."

वसूल. हा शब्द तेव्हा मला फार आवडला होता. आता तोच टोचतो.

त्यानंतर वीस दिवसांनी हैदराबादला अंतिम सामना, पुणे विरुद्ध मुंबई. आमच्या सोसायटीत कुणाच्या तरी घरी मोठा टीव्ही होता, तिथे सगळे जमलेले. मुंबई १२९ वर अडकली तेव्हा आम्ही भेळ मागवली, आणि माझा नवरा कोपऱ्यात एकटा पडला. शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या. जॉन्सनच्या पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीने चौकार मारला, पुढच्यावर तो बाद, त्याच्या पुढच्यावर स्टीव्ह स्मिथ बाद. शेवटच्या चेंडूवर ४ हव्या होत्या, दोन पळाले, तिसरी पळताना धावचीत. एका धावेने गेलो. मला आठवतंय ते खोलीतलं नंतरचं दृश्य. कुणी रडलं नाही, कुणी टीव्हीवर चप्पल फेकली नाही. अर्ध्या मिनिटाच्या शांततेनंतर चर्चा सुरू झाली. स्मिथ पन्नास करून उभा होता, तर त्याने आधीच हात का मोकळे केले नाहीत? एवढं कमी लक्ष्य असताना मधली षटकं इतकी सावध का खेळली? कुणी तरी म्हणालं, "तरी मी म्हणतच होतो." साडेबाराला सगळे उठले, भेळेच्या प्लेट गोळा केल्या, लिफ्टमध्येही चर्चाच. नवरा एकटाच आनंदात होता आणि त्याच्याशी वाद घालायला कुणी नव्हतं, कारण आम्ही सगळे आपसांतच वाद घालत होतो. त्याने मला नंतर विचारलं, "तुम्ही पुण्याचे लोक हरता कधी? तुम्ही तर परीक्षण लिहिता."

मी चिडले होते. उत्तर मात्र नव्हतं.

एक बाजू अशी, की त्या संघाने आम्हांला रडायला अवसरच दिला नव्हता. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं निलंबित होते म्हणून आलेली ती भाड्याची बिऱ्हाडं. सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, की करार दोन वर्षांचा आहे. पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूशी आपण हसून बोलतो, दिवाळीला फराळाचं ताटही देतो, पण त्याच्या नावाची पाटी कुणी कोरून घेत नाही. त्यात त्या संघाने पहिल्या वर्षी 'सुपरजायंट्स' नाव घेतलं आणि दुसऱ्या वर्षी शेवटचा 'स' गाळून 'सुपरजायंट' केलं. ऱ्हस्वदीर्घावरून नाती तुटणाऱ्या या गावात एकवचन-अनेकवचनाची ती दुरुस्ती पाहून मला क्षणभर वाटलं होतं, की हे लोक आपल्यात मिसळू पाहताहेत. त्याआधीचे 'वॉरियर्स' तर आणखीच परके. पुण्याच्या नावाचा संघ, आणि पहिल्या वर्षी घरचे सामने कुठे, तर नेरूळला! २०१२ला गांगुली कर्णधार होता तेव्हा आमच्या ऑफिसातले सगळे बंगाली पुणेकर झाले होते, आणि तो गेल्यावर एका आठवड्यात परत कोलकात्याचे झाले. २०१३च्या एप्रिलमध्ये बंगळुरूला ख्रिस गेलने ६६ चेंडूंत १७५ केले ते याच संघाविरुद्ध. त्या रात्री पुण्यात कुणी शोक केला असेल असं मला वाटत नाही. आमच्या घरी बाबा प्रत्येक षटकाराला हसत होते. "काय मारतोय हो," म्हणत होते. मार खात होता तो आपल्या गावाच्या नावाचा संघ, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बाबांना हसायला शिकवलं आजोबांनी. आजोबांचा दावा होता, की डिसेंबर १९४८मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या तेव्हा ते तिथे हजर होते. हा दावा पुण्यातल्या त्यांच्या पिढीतल्या प्रत्येकाचा असतो. सगळ्यांचा खरा मानला तर त्या मैदानात मुंगीलाही जागा उरली नसती. ब्रॅडमनच्या विक्रमी ४५२ला नऊ धावा कमी होत्या, आणि मधल्या सुट्टीत काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला. राजकोटचे ठाकोरसाहेब होते ते. आता एखादा सांगताना काय सांगेल? ठाकोरसाहेबांना शिव्या देईल, विक्रम हुकल्याची हळहळ करील. आजोबा तेही करायचेच. पण त्यांचा आवाज ओलावायचा तो पुढे. "ते काठेवाडचे बोलर बिचारे... पळून पळून पोरांचे चेहरे काळवंडले होते रे. चार बाद ८२६!" भाऊसाहेब मूळ कोल्हापूरचे, त्यांना कसोटी कधीच खेळायला मिळाली नाही, हे सांगताना मात्र आजोबा एकदम 'आपला माणूस' म्हणायचे. कोल्हापूरचा माणूस पुण्यात 'आपला' व्हायला चारशे त्रेचाळीस पुरतात, तेवढ्याहून कमीत होत नाही.

आजोबा शिकायला एस. पी. कॉलेजात होते. तिथे दि. ब. देवधर संस्कृत शिकवायचे. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुण्यात मुंबईविरुद्ध २४६ करणारा संस्कृतचा प्राध्यापक! हे वाक्य मी नवऱ्याला लग्नानंतर किमान पन्नास वेळा ऐकवलं आहे. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यानंतर आजतागायत नाही. १९७०-७१ला अंतिम सामन्यात मुंबईकडून, १९९२-९३ला पंजाबकडून, २०१३-१४ला कर्नाटककडून हरलो. ज्या घरात ऐंशीहून जास्त वर्षं करंडक आलेला नाही त्या घरातली माणसं काय शिकणार? ती चांगलं खेळणाऱ्याचं कौतुक करायला शिकणार. हरणाऱ्याला दुसरं काय परवडतं, असं नवरा म्हणतो. मला ते पूर्ण पटत नाही, पण अगदीच चुकीचं आहे असंही नाही.

पहिला सामना मी प्रत्यक्ष पाहिला तो स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर, २९ फेब्रुवारी १९९६ला. सहावीत होते. बाबांना बँकेतल्या कुणाकडून तिकिटं मिळाली होती. दादाला घ्यायचं आणि मला नाही, हे मी चालू दिलं नाही. शाळेत पोटदुखीची चिठ्ठी गेली. उन्हाने तापलेल्या सिमेंटच्या पायऱ्यांवर आईने दिलेली जुनी सतरंजी, डब्यात पोळीचा लाडू, आणि सालं कुठे टाकायची या प्रश्नासकट अर्धा डझन संत्री. सगळं मैदान ब्रायन लारासाठी आलेलं होतं. केनिया म्हणजे फक्त सामना व्हावा म्हणून लागणारा दुसरा संघ. केनिया १६६ला सर्वबाद झाली. सगळ्यांत जास्त धावा अवांतर, त्याच्या खाली सगळे फलंदाज. बाबा म्हणाले, "अवांतरला सामनावीर द्या आणि घरी चला." जेवणानंतर लारा आला. गर्दी उभी राहिली. आठ धावांवर यष्टिरक्षकाच्या हातात झेल देऊन तो परत निघाला, आणि मैदानात असा एक आवाज झाला, जो मला आजही नीट सांगता येत नाही. त्यात "अरेरे" होतं, आणि त्या "अरेरे"च्या आतच कुठे तरी "अरे वा" फुटत होतं. दोन तासांत वीस-पंचवीस हजार माणसांनी पक्ष बदलला. कुणी कुणाला सांगितलं नाही, ठरवलं नाही. मॉरिस ओडुंबे गोलंदाजीला आला की पोरं "ओ-डुं-बे" म्हणून बाटल्या वाजवायला लागली. वेस्ट इंडीज सर्वबाद ९३. दादा लारासाठी रडवेला झाला होता आणि केनियासाठी नाचतही होता, दोन्ही एकदम. परत येताना सारसबागेपाशी बाबांनी उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "असं बघायचं असतं बरं का. जो चांगला खेळतो तो आपला."

किती सुंदर वाटलं होतं ते वाक्य. मी वर्षानुवर्षं ते लोकांना सांगत आले. २०२३च्या विश्वचषकात अफगाणिस्तानने गहुंज्यात श्रीलंकेला हरवलं तेव्हाही सांगितलं. आणि २०२४ला न्यूझीलंडच्या सँटनरने इथेच आपले तेरा गडी घेऊन मालिका हिसकावली, त्यानंतर चितळ्यांच्या रांगेत पुढचे दोन आजोबा त्याच्या चेंडूचा वेग कसा बदलतो यावर इतक्या आत्मीयतेने बोलत होते, की जणू तो पीवायसी क्लबच्या नेटमधून वर आलेला मुलगा असावा. तेव्हाही मला बाबांचं वाक्य आठवलं आणि जरा अभिमान वाटला.

पण त्या वाक्याला एक भोक आहे. बाळू पालवणकर याच शहरात, पूना क्लबवर, महिना चार रुपयांवर खेळपट्टीची कामं करायचे आणि इंग्रज फलंदाजांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी टाकायचे. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं तेव्हा हा दलित डावखुरा गोलंदाज 'आपला' झाला. मैदानावर एकाच चेंडूला सगळ्यांचे हात लागायचे. चहाला मात्र त्यांच्यासाठी बाहेर, वेगळा, मातीचा पेला. चांगला खेळतो तो आपला, पण सीमारेषेच्या आतच. 'आपला' हा शब्द पुण्याने नेहमीच फार हिशेबाने वापरलेला आहे. केनियाला तो फुकट देता आला, कारण केनिया संध्याकाळी विमानाने परत जाणार होती.

मग हे गाव हिशेब न करता कुणाचं होतं? कुणाचंच नाही, असं म्हणावं तर माझा काका डोळ्यांसमोर येतो. शुक्रवार पेठेतल्या एका तालमीत त्याचं अर्धं आयुष्य गेलं. आम्हां मुलींना आत प्रवेश नव्हता. मी बाहेरच्या गजांच्या खिडकीतून पाहायचे. लाल मातीच्या हौदाला तेल, ताक, हळद, लिंबू घातल्याचा एक आंबूस, गरम वास, अंधारात मारुतीसमोरचा दिवा, आणि शड्डूचे आवाज. काका काही मोठा पैलवान नव्हता. जत्रेतल्या नारळाच्या कुस्त्यांपुढे फारसा गेला नाही. पण तालमीचं छप्पर गळायला लागलं तेव्हा त्याने काकूच्या पाटल्या विकायला काढल्या होत्या, आणि काकूने त्या वर्षी त्याच्याशी अबोला धरला होता. तालमीचा पोरगा जिंकला तर काका चहा पाजायचा. हरला तर त्याच्या घरी जाऊन बसायचा, काही न बोलता. कुठे चुकला हे तो दुसऱ्या दिवशी मातीत सांगायचा, त्या रात्री नाही. तीच गोष्ट मंडळाची. विसर्जन मिरवणुकीत दादाचं पथक चौदा-चौदा तास वाजवायचं, बोटांना चिकटपट्ट्या, खांद्याला दोरीचे वळ. दुसऱ्या मंडळाचं पथक जास्त चांगलं वाजवतं, हे दादाला चांगलं कळायचं. पण म्हणून तो कधी तिकडे गेला नाही. "जो चांगला वाजवतो तो आपला" असं त्याला कुणी म्हटलं असतं तर टिपरूच फेकून मारलं असतं.

फरक मला वाटतं वर्गणीत आहे. तालीम दारात येऊन वर्गणी मागते. पैसे, घाम, पाटल्या, रात्री, काहीही. न दिलीत तर नावं ठेवते. वॉरियर्स आणि सुपरजायंट यांनी आमच्याकडे फक्त तिकिटाचे पैसे मागितले, आणि तिकीट काढलेला माणूस वसुली बघतोच.

इथपर्यंत माझं मलाच पटलं होतं. मग बालेवाडीची पोरं आठवली आणि सगळं परत विसकटलं.

आमच्या ऑफिसात एक ज्युनिअर होता, कॅम्पातला. क्रिकेटच्या गप्पांत उठून जाणारा. पुण्यात फुटबॉल म्हणजे कॅम्प, खडकी, जुन्या लष्करी वस्त्या. पेठांतल्या आम्हां लोकांना तो खेळ माहितीच नसतो. त्याने लहानपणी पुणे एफसी पाहिलेला, जो २०१२-१३ला आय-लीगमध्ये दुसरा आला होता. तो बंद झाला. भारत एफसी आला, एक हंगाम खेळून गेला. डीएसके शिवाजीयन्स आला, गेला. आणि एफसी पुणे सिटी, नारिंगी रंगाचा. हा मुलगा त्यांच्या 'ऑरेंज आर्मी'त होता. शनिवारी ढोल डोक्यावर घेऊन बालेवाडीला जायचा, स्वतः रंगवलेले बॅनर, घसा बसलेला, सोमवारी मीटिंगमध्ये नुसत्या माना डोलवायचा. २०१७-१८ला त्यांचा संघ पहिल्या चारांत आला तेव्हा त्याने अख्ख्या मजल्याला सामोसे वाटले. लोकांना वाटलं याचं लग्न ठरलं. २०१९ला तो क्लबही बंद पडला, जागा हैदराबादला गेली. त्या दिवशी तो नेहमीसारखाच ऑफिसला आला. मी विचारलं, "आता काय?" तो म्हणाला, "मॅडम, चौथा गेला. आता मी टीमला नाही, गोलपोस्टला सपोर्ट करणार. ते तरी उपटून नेत नाहीत." मी हसले. तो हसला नाही. त्याने वर्गणी दिली होती, न मागता, भरपूर. आणि संघ पत्ता न ठेवता गेला. पुणेकर निष्ठावान नाहीत असं लिहिणाऱ्यांनी, माझ्यासकट, या मुलाच्या समोर बसून ते वाचून दाखवावं.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ला, मी एक चमत्कारिक गोष्ट पाहिली होती. कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्यात हलवले, आणि तिथून चाहत्यांनी भरलेली एक आख्खी रेल्वेगाडी इथे आली. शिट्ट्या, पिवळे झेंडे, रात्रभराचा प्रवास. गहुंज्यात वर्षभरापूर्वी आम्ही जिथे बसलो होतो त्या खुर्च्या पिवळ्या झाल्या होत्या. दोन वर्षं निलंबित असलेल्या संघासाठी लोक परत येतात, हजार किलोमीटर. मला हेवा वाटला, आणि खोटं कशाला बोलू, थोडा आचरटपणाही वाटला. हेवा आणि आचरटपणा एकाच वेळी वाटतो तिथेच आपलं काही तरी दुखत असतं. आता तर त्याच पिवळ्या संघाचं कर्णधारपद थेरगावच्या अकादमीत घडलेल्या ऋतुराजकडे आलं, त्यामुळे माझी लेक पिवळा टीशर्ट घालते आणि तिचे बाबा निळा. त्यांच्या भांडणात मी पंच.

माणसांवर आम्ही जीव टाकतो, हे खरं. १९९८च्या जानेवारीत ढाक्याला हृषीकेश कानिटकरने पाकिस्तानच्या सकलेनला चौकार मारला, तेव्हा आमच्या वाड्यातल्या एरवी एकमेकींच्या नळावरून भांडणाऱ्या बायका गॅलरीत येऊन एकमेकींना सांगत होत्या, "आपला कानिटकर!" जणू कालच साखर मागायला आला होता. २०१७ला केदार जाधवने गहुंज्यात इंग्लंडविरुद्ध ७६ चेंडूंत १२० केले, कोहलीच्या बरोबरीने, तेव्हा बाबा अंथरुणाला खिळलेले होते. ४ बाद ६३ला मी टीव्ही बंद करायला गेले, तर त्यांनी हात धरला. जिंकल्यावर त्यांनी टीका करायला काही तरी शोधलं, सापडलं नाही, आणि डोळे पुसले. बाबांच्या डोळ्यांतलं पाणी खेळासाठी मी तेवढ्याच वेळी पाहिलं.

कबड्डीच्या 'पुणेरी पलटण' संघाचं मी मुद्दामच शेवटी ठेवलंय, कारण ती माझ्या सगळ्या तर्कटाला वाकुल्या दाखवते. पलटणही फ्रँचायझीच, लिलावातलीच. पण ती २०१४पासून गेली नाही. नाव बदललं नाही. 'पुणेरी' हे विशेषण स्वतःहून छातीवर लावायची हिंमत केली, जे आम्हीही परगावी गेल्यावर जरा जपूनच लावतो. २०२२ला अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली. १ मार्च २०२४ला हैदराबादला, हो, त्याच हैदराबादला, हरियाणाला २८-२५ असं हरवून जिंकली. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कर्णधार. आम्ही काकाकडे पाहत होतो. काका आता ब्याऐंशीचा. मॅटवरची कबड्डी त्याला कबड्डी वाटत नाही, "सतरंजीवरचा खेळ" म्हणतो. पण शेवटच्या चढाईला तो खुर्चीतून निम्मा उठलेला होता आणि त्याची मूठ माझ्या मनगटावर आवळलेली होती. जिंकल्यावर त्याने काकूला हाक मारली, "चहा टाक." परीक्षण केलं नाही.

गेल्या रविवारी लेकीचा खो-खोचा सामना होता, चौदा वर्षांखालच्या मुलींचा. ज्या गावात १९१४ला डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले त्या गावात हा खेळ पाहायला दोन्ही संघांचे पालक, एक कुत्रं आणि कट्ट्यावरचे चार-पाच निवृत्त लोक एवढीच गर्दी असते. पाऊस पडून गेलेला, मैदान निसरडं. लेकीने खांबावर सूर मारला, गुडघा सोलवटला, कोपरापर्यंत चिखल. मी पिशवीतून फडकं काढलं. सासूबाईंनी ते नाकारल्यावर मी धुऊन पिशवीत टाकलं होतं, का ते विचारू नका. चिखल पुसायला पाणी टिपणारं फडकं लागत नाही. लेक परत पळाली, मी तुकडा झटकून कट्ट्यावर वाळत टाकला. तिथे एक आजोबा बसले होते. ते बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिले, चष्मा वर-खाली करत.

"ती सतरा सालची ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

"तिसरी रन निघत होती," ते म्हणाले.

"निघाली असती तरी बरोबरीच झाली असती," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय. सुपर ओव्हर झाली असती. तुम्ही कुणाला पाठवलं असतंत?"

मैदानात शिट्टी झाली. बहुधा आमची तुकडी बाद झाली असावी, मला कळलं नाही.

"धोनीला," मी म्हटलं.

"धोनी? काहीतरीच!" ते म्हणाले, आणि फडकं उचलून बाजूला ठेवत त्यांनी कट्ट्यावर सरकून मला जागा करून दिली.